रविवारचा डबा

मोनालीने एमबीएला नाव घातलं, ते सासूपासून लपवून. नोकरी, संसार आणि वर कॉलेज म्हटल्यावर राहीबाई घर डोक्यावर घेतील, याची तिला खात्री होती. म्हणून दर रविवारी ‘कंपनीत ओव्हरटाइम आहे’ असं सांगून ती बोईसरला क्लासला जायची. त्याच कंपनीत उभी हयात पॅकिंग केलेल्या राहीबाई मुकाट्याने तिचा डबा भरायच्या.

परीक्षेच्या सकाळी मोनाली देवापुढे जरा जास्तच वेळ उभी राहिली. निघताना राहीबाईंनी डब्याआधी तिच्या हातावर दही-साखर ठेवली.

मोनाली चपापली. “आई, तुम्हाला कधी कळलं?”

“ओव्हरटाइमवाल्यांना जेवण कंपनीचं असतं गो पोरी, नि त्यांच्या पिशवीत पुस्तकं नसतात. तू पयल्याच रविवारी डबा मागितलास.”