कप्प्यांचा डबा

रुग्णालयात चांगोच्या जखमेतल्या जंतूच्या तपासणीचा कागद त्याचे शेजारी शरच्चंद्र यांनी भिंग लावून दोनदा वाचला. भातकापणीत विळा लागलेली चांगोची पोटरी महिनाभर चिघळत होती आणि कागदावरच्या अकरा औषधांपैकी दहांपुढे ‘निष्प्रभ’ असे लिहिले होते. उभा जन्म यंत्रांतले बिघाड शोधण्यात घालवलेल्या शरच्चंद्रांचे कुतूहल चाळवले.

“डॉक्टर, जंतू आमच्या पळसदरीच्या शेतातला. इतकी औषधे पचवायला तो शिकला कुठे?”

“मलाही तेच कोडं आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “आता एकच इंजेक्शन उरलंय. तेही चाललं नाही, तर पाय वाचणं कठीण.” मग त्या खाटेकडे वळल्या. “चांगोदादा, आजवर कुठल्या दवाखान्यात जात होतात?”

“दवाखाना? छ्या!” चांगो शरच्चंद्रांकडे बोट दाखवत अभिमानाने हसला. “आमचे भाऊ हायेत ना! घरात उरलेल्या गोळ्या कशा डब्यात कप्प्याकप्प्यांत, नावानिशी लावल्यात, बगाल तर बगतच राहाल. ताप आला, दोन देतात. खोकला आला, दोन देतात. अख्ख्या आळीला कदी दवाखान्याची पायरी चढू दिली नाय त्यांनी!”

शरच्चंद्रांनी भिंग पुन्हा कागदावर आणले. दहापैकी सहा नावांच्या चिठ्ठ्या त्यांनी स्वतःच्या सुबक अक्षरात लिहून त्या डब्यात चिकटवल्या होत्या.

“भाऊ, ह्यांच्या औषदानं गुन नाय येत,” चांगो हळूच म्हणाला. “उद्या येताना डबाच घेऊन या.”