समासातलं पेन्सिलीचं अक्षर

या, जरा जवळ सरका. अजून एकाला जागा होईल. गोष्ट आहे विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या एका खिडकीची. मन लावून ऐकाल तर घटकाभराचा वेळ सत्कारणी लागेल.

"नाव हवंय," वसतिगृहाचे अधीक्षक म्हणाले आणि त्यांनी पुस्तक खिडकीवर ठेवलं. "वरून विचारणा झालीय."

खिडकीआड देवघेवीचं काम बघणारी बाई बसली होती. सगळे तिला चिठ्ठीताई म्हणत. वसतिगृहातली मुलं हव्या त्या पुस्तकाची चिठ्ठी नावानिशी लिहून पाठवत आणि शिपाई पुस्तकांचा गठ्ठा घेऊन जाई. गठ्ठा आधी अधीक्षकांच्या टेबलावर सुटे, मग मुलांच्या हाती पडे. पुस्तक परत आलं की ताई त्या चिठ्ठीचे चार तुकडे करी. कोणी काय वाचलं ते वाचणाऱ्याला ठाऊक नि देवाला ठाऊक, तिसऱ्याचं तिथे काम नाही, असा ग्रंथालयाचा नियमच होता. ताईने तो व्रतासारखा सांभाळला होता.

पण परवा परत आलेल्या या पुस्तकाच्या समासात तिला पेन्सिलीचं बारीक अक्षर दिसलं होतं. 'आता जगवत नाही. सांगू कोणाला?' काळजीपोटी तिनेच पुस्तक वर, कुलगुरूंच्या कचेरीत पाठवलं होतं.

"चिठ्ठी फाडली, साहेब. पान नंतर दिसलं."

"नक्की फाडली?"

"नक्की."

"संगणकात?"

"तिथेही नाव पुसलं जातं."

"म्हणजे खुद्द कुलगुरूंनी विचारलं तरी सांगता यायचं नाही?"

"ब्रह्मदेव आला तरी नाही."

अधीक्षकांनी लांब श्वास सोडला. "धन्य आहात," म्हणाले, आणि पुस्तक तिथेच ठेवून गेले. ताईला तो टोमणा झोंबला.

घरी थोरल्या जाऊबाईंनी आणखी मीठ चोळलं. "नाव असतं तर त्या लेकराचं दार ठोठावता आलं असतं."

"आणि सगळ्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं असतं तर?"

"बोट दाखवायला तरी माणूस उरायला हवा ना, बाई."

नियम खरा की जीव खरा? दोन्ही खरे, मग चुकतंय कोण? दूध उतू गेलं तेही दोघींच्या ध्यानात आलं नाही.

सकाळी तिने त्याच समासात खाली लिहिलं, 'मी आठ ते दोन खिडकीवर असते. या. नाव विचारणार नाही.' ज्याचं अक्षर त्याच्या हाती पुन्हा पडेल या आशेने, चिठ्ठी नसतानाच पुस्तक गठ्ठ्यात सरकवलं. शिपाई गेटाबाहेर गेला तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. गठ्ठा आधी सुटणार अधीक्षकांच्या टेबलावर. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि त्या पोराच्याही.

गुरुवारी गठ्ठा परत आला. त्यात ते पुस्तक नव्हतं. शुक्रवारीही नव्हतं. खिडकीवर येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या तोंडाकडे ती बघत राही. हा असेल का? की तो, उगाच हसणारा?

शनिवारी पावणेदोनला अधीक्षक आले. पुस्तक काखेत.

ताई उभी राहिली. "चूक माझी, साहेब. मला काय बोलायचं ते बोला. पण त्या मुलाला काही विचारू नका."

"कुठल्या मुलाला?"

त्यांनी पान उघडून तिच्यापुढे सरकवलं. तिच्या ओळीखाली एकच नवा शब्द होता, त्याच बारीक अक्षरात. 'आलोय.' मग त्यांनी खिशातून पेन्सिलीचं थोटूक काढून पुस्तकावर ठेवलं.

"नाव विचारणार नाही म्हणाला होतात," ते हळूच म्हणाले. "आत येऊन बसू का?"

देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या माणसाची आठवण असू द्या. नाव मात्र मला विचारू नका.