तीन सत्रं पूर्ण

एकवीस दिवसांनी आम्रपालीने आज पहिल्यांदा केस विंचरले, धुतलेला कुर्ता घातला आणि आतल्या खोलीत बापाचा मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून समोर बसली.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची पोरगी. एकवीस दिवस कॉलेजला गेली नव्हती. अर्धी पोळी चिवडायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. काय झालं, ते आईला सांगेना, बापाला तर नाहीच. काल मात्र आपणहून म्हणाली, "मले कोणासंग तरी बोलाचं आहे. घरच्यायसंग नाई." तेवढ्यावर तिच्या बापाने, देवीदासने, आज रजा टाकली. युनिव्हर्सिटीची ऑनलाइन समुपदेशन सेवा होती, वर्षाला तीन सत्रं फुकट. माहितीपत्रकावर तसं छापलेलंच होतं, हसऱ्या मुलीच्या फोटोसकट. अ‍ॅडमिशनच्या वेळी नंबर बापाचा दिला होता, म्हणून फोनही त्याचाच. त्याने लॉगिन करून दिलं, दार लोटलं आणि बाहेर रिसाली वसाहतीतल्या उन्हात पायरीवर जाऊन बसला. पोरीचं बोलणं आपल्या कानावर पडू नये म्हणून त्याने शेजारणीशी उगीच नळाच्या पाण्याचा विषय काढला.

दोन मिनिटांत आतून हाक आली. स्क्रीनवर लिहिलं होतं, तुमची तीनही सत्रं पूर्ण झाली आहेत, सहकार्याबद्दल आभार. खाली पाच पिवळ्या चांदण्या.

काहीतरी चुकलं असेल म्हणून देवीदासने तिथल्या मदतीच्या नंबरला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. पलीकडच्या मॅडमचा आवाज असा की साखरेचा पाक ओतावा. त्यांनी सांगितलं, रेकॉर्ड अगदी बरोबर आहे. जानेवारीत लागोपाठ तीन दिवस तीन सत्रं झाली, विद्यार्थिनी समाधानी आहे. देवीदास आपल्या मोडक्या हिंदीत परत परत सांगत होता की पोरगी अजून कोणाशी एक शब्द बोललेली नाही. मॅडमना त्याचं काही वाटलं नाही. सत्र झाल्यावर ओटीपी घेतल्याशिवाय नोंद होतच नाही, म्हणाल्या, आणि तिन्ही ओटीपी याच नंबरवरून दिले गेलेत.

तेव्हा देवीदासच्या डोक्यात उजेड पडला. जानेवारीत युनिव्हर्सिटीत तपासणीची टीम येणार होती. तिथल्या कुठल्याशा सरांचा फोन आला होता, एक आकडा आला असेल तो सांगा, पोरीच्या हजेरीसाठी हवा. देवीदास पोलादाच्या प्लांटच्या कँटीनमध्ये चहा पीत उभा होता. वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशीही दाखवला. तिसऱ्या दिवशी तर सरांनी मागायच्या आधी हाच म्हणाला, घ्या, लिहून घ्या.

त्याला त्या सरांची किळस आली, एका बैठकीत शेकडो पोरापोरींची मनं बरी करून टाकणाऱ्या त्या कारखान्याची किळस आली, आणि सगळ्यांत जास्त स्वतःची. सव्वीस वर्षं तो प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये, कोळशाच्या भट्ट्यांवर होता. गॅसच्या लाइनीत माणूस उतरवायच्या आधी गॅस मोजायचा मीटर स्वतःच्या हाताने आत सोडायचा, काटा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा आणि मगच कागदावर सही करायचा. दुसऱ्याच्या सांगण्यावरून त्याने एकदाही सही केली नव्हती. साहेब खवळले तरी केली नव्हती. आणि इथे पोटच्या पोरीसाठी तीनदा केली, चहाचा घोट घेता घेता.

मॅडम पुढे सांगत होत्या की आता नवीन सत्र जुलैनंतर मिळेल. हवी तर तक्रार नोंदवते. नोंदवा, म्हणाला देवीदास.

तोवर आम्रपालीने फोनवर बोटाने चाळून आपलं रेकॉर्ड उघडलं होतं. जी सत्रं झालीच नाहीत त्यांचा अहवाल ती मोठ्याने वाचू लागली. झोप चांगली. भूक चांगली. अभ्यासात लक्ष लागते. शेवटची ओळ वाचताना ती थांबली, मग हसली. एकवीस दिवसांत पहिल्यांदा हसली, पण ते हसू देवीदासला बघवलं नाही.

"बाबा, हे पाहा काय लिवलं आहे. विद्यार्थिनी कोणतीही अडचण वडिलांशी मोकळेपणाने बोलते."

इतक्यात फोन टिंग वाजला.

"सर," मॅडम म्हणाल्या, "आपकी शिकायत दर्ज हो गई और उसका समाधान भी हो गया. बंद करने के लिए ओटीपी आया होगा, बता दीजिए."

आम्रपालीने फोन उचलून बापाच्या तोंडासमोर धरला. "वाचा न. मांगं तं धडाधडा वाचले होते."

सहा आकडे स्क्रीनवर ठळक दिसत होते. देवीदासने फोन तिच्या हातातून घेतला, खाली पालथा ठेवला आणि तो तिच्यासमोर मांडी घालून बसला. त्या अहवालातलं पहिलंच तेवढं त्याला आठवलं.

"झोप लागते का वं माय तुले?"

आम्रपालीने मधला पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला.

"नाई," ती म्हणाली.

पालथ्या फोनमधून मॅडम त्याच गोड आवाजात आकडे मागत होत्या.