तीन नंबरच्या प्रेसचे ठोके

“पंखा बंद करा,” मॅजिस्ट्रेटसाहेब म्हणाले, आणि मे महिन्याच्या दुपारी मुलुंडच्या त्या कोंदट कोर्टात सगळ्यांनी निमूट घाम गाळायची तयारी केली. कंपनीचे वकील गुप्ते यांनी टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला, तोही अशा थाटात की निकालच आणून ठेवलाय. बटण खटकन दाबलं.

खरखर. मागे कारखान्यातल्या, पत्र्याची झाकणं ठोकणाऱ्या प्रेसमशीनचे ठोके. धप्. धप्. मग मॅनेजरचा आवाज, आणि त्याच्यावर चढलेला दत्तारामचा: “एकेकाला जिवंत सोडणार नाही!” पुन्हा ठोके. दार आपटलं. संपलं.

आरोपीच्या पिंजऱ्यात दत्तारामने मान खाली घातली. आवाज त्याचाच होता, नाही कसं म्हणणार? युनियनचा सेक्रेटरी, एकोणीस वर्षांची नोकरी. पहिल्या दिवसापासून तो घसा कोरडा करून सांगत होता, “वकीलबाई, ते शब्द मॅनेजरचे. मी त्याला नुसतं विचारलं, असं तुम्ही परवा गेटवर बोललात की नाही?” पण टेपवर तो पुढचा प्रश्न नव्हताच. आणि सन चौऱ्याऐंशीत मशीन बोललं म्हणजे देवच बोलला, माणसाचं कोण ऐकतोय! शिक्षा झाली की तुरुंग, आणि नोकरी तर गेलीच.

नलिनी वकील उठली. चार वर्षांची तिची वकिली, समोर मोठ्या कोर्टांत नाव काढलेले गुप्ते. “बचावाची साक्षीदार, द्रौपदी सकपाळ.”

गुप्ते हसले. कारखान्याची कागदपत्रं मागितली तेव्हा त्यांनी तीन पोती भरून पाठवली होती. बिलं, पावत्या, रजेचे अर्ज, सगळं एकत्र कालवून. बसा वाचत! तर नलिनी खरंच बसली. अकरा दिवस आईच्या स्वयंपाकघरात फरशीवर ढीग मांडून तिने एकेक कागद पाहिला. आई बिचारी ढिगांवरून उड्या मारत चहा करायची. दुसऱ्या पोत्याच्या तळाशी एक तेलकट जॉब कार्ड निघालं. तेच आता तिने साहेबांपुढे ठेवलं. बारा मार्च, प्रेस नंबर तीन, कामगार द्रौपदी सकपाळ, सकाळी आठ ते साडेचार. खाली सुपरवायझरची सही. टेप त्याच दिवशी सकाळी अकराची, हे कंपनीनेच लिहून दिलं होतं.

“तीन नंबरची प्रेस कुठे आहे?” नलिनीने विचारलं.

“मॅनेजरच्या केबिनला चिकटून. मधे नुसती फळी.”

“टेपवर ऐकू येते ती तीच कशावरून?”

“अहो बाई, बारा वर्षं बसते तिच्यावर. नवऱ्याचा आवाज एक वेळ चुकेन.”

कोर्ट हसलं. साहेबांनी टेबल वाजवलं आणि टेप पुन्हा लावायला सांगितली.

द्रौपदीने डोळे मिटले. ठोका पडला की तिचं बोट कठड्यावर पडायचं. धप्. धप्. दत्ताराम ओरडला, आणि त्या ओरडण्याच्या पाठीवर दोन ठोके एकमेकांना चिकटून पडले. बोट मागे राहिलं.

“थांबवा!” ती म्हणाली. “साहेब, हे असं होत नाही. पायडल दाबलं की एक ठोका. मग मी तयार झाकण काढते, नवा पत्रा आत ठेवते, हात बाहेर घेते, मग परत पायडल. इतकं सगळं मधे असतं. ते कुठे गेलं?”

साहेबांनी टेप स्वतःच्या हाताने मागे घेतली आणि तिसऱ्यांदा ऐकली. आता ते दोन ठोके मागच्या बाकापर्यंत ऐकू गेले.

हीच टेप नलिनीने चाळीस वेळा ऐकली होती आणि चाळीसही वेळा तिला फक्त धमकीच ऐकू आली होती. ते कार्ड सापडल्यावर ती कॅसेटची कॉपी घेऊन कांजूरमार्गला द्रौपदीच्या खोलीवर गेली, तर ह्या बाईने तांदूळ निवडता निवडता एकदाच ऐकून सांगितलं होतं, “इथं कापलंय.”

गुप्ते सावकाश उठले. “शिक्षण किती झालंय तुमचं?”

“चौथी.”

“मशीन बिघडली की पायडल न दाबताही दुसरा ठोका आपोआप पडतो. खरं की खोटं?”

हा प्रश्न नलिनीला सुचलाच नव्हता.

“खरं,” द्रौपदी म्हणाली.

“म्हणजे बारा मार्चला तसंच झालं असेल!” गुप्ते मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे वळले. “माझं काम झालं.”

“थांबा की वकीलसाहेब, जाता कुठे?” द्रौपदी ताठ उभी होती. “आपोआप ठोका पडतो तेव्हा आमचे हात आत असतात. आमच्या खात्यात तिघींच्या प्रेसने असं केलं. तिघी आता पॅकिंगला आहेत, एका हाताने डबे भरतात. बारा मार्चला तीन नंबरवर तर मीच होते.”

तिने दोन्ही हात कठड्यावर ठेवले आणि तेलाने काळी पडलेली बोटं लांब पसरली.

“मोजा,” ती गुप्त्यांना म्हणाली.