धार न बघता

तिसऱ्या धारेला नव्या म्हशीनं बादलीचा तळसुद्धा झाकला नाही.

दूध कट्ट्यावर संध्याकाळची गर्दी होती. डोळ्यांदेखत काढलेलं फेसाळ दूध उभ्याउभ्या प्यायला आलेली माणसं केरबाभोवती थांबली होती. केरबानं पुन्हा सडांना हात लावला, चुचकारलं, कासेवर कोमट पाणी मारलं. म्हैस ढिम्म. माणसं हळूहळू शेजारच्या म्हशीकडं सरकली.

काल संध्याकाळी ही म्हैस घरी आली तेव्हा बादली काठोकाठ भरली होती. आज सकाळी अर्धी.

"कास तुंबवली हुती," त्याची बायको विठाबाई हळूच म्हणाली. "दोन-तीन येळा धारच काढली नसंल म्हस देणाऱ्यानं. फुगल्याली कास बघून तुमी भुलला."

केरबाला ते सकाळीच कळलं होतं, पण मन मानत नव्हतं. म्हैस घेताना दोन वेळची धार समोर काढून बघायची, हे या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. केरबा मात्र कधी बघत नसे. म्हशीच्या आणि तिच्या मालकाच्या डोळ्यांत एकदा बघितलं की त्याला आतून कौल यायचा, आणि तो कौल आजवर खोटा ठरला नव्हता. निदान केरबा तरी तसंच सांगायचा. कट्ट्यावर केवढा तोरा होता त्याचा!

त्यानं कसबा बावड्याच्या सम्राटला फोन लावला. या पोरानंच ही म्हैस देऊन बदल्यात केरबाची घरची म्हैस, काजळी, घेतली होती.

"फसवलंस की रं मला!" केरबा ओरडला.

"असं कसं मामा?" पलीकडून शांत आवाज आला. "मुक्काम करा, दोन धारा बघा, मग न्या, असं मीच म्हणलोतो की. तुमीच न्हाय म्हणला."

खरंच होतं ते. जो स्वतःहून धार बघा म्हणतो त्याच्या पोटात पाप नसतं, असं केरबाच्या मनानं त्याला तेव्हा छातीठोक सांगितलं होतं. त्यानं फोन ठेवला. ज्या मनावर जन्मभर विसंबला त्यानंच दगा दिला होता, आणि त्याला जाब विचारायला फोन तरी कुठं लावणार?

"माज्या मनानं सांगितलं गं," तो विठाबाईला म्हणाला, "मानूस चांगला हाय म्हणून."

विठाबाई कोरडे पेले गोळा करत होती. काजळीला तिनं रेडकू असल्यापासून वाढवलं होतं. दिवाळीच्या पाडव्याला शर्यतीत म्हशी पळवतात तेव्हा केरबाची मोटरसायकल सुटली की काजळी तिच्यामागं धावायची, दुसऱ्या कुणाकडं बघायचीसुद्धा नाही. कालही दावं धरून ओढावं लागलं नव्हतं. केरबा पुढं गाडीवर आणि काजळी मागं, थेट सम्राटच्या गोठ्यापर्यंत.

"काजळीलाबी मनानंच सांगितलं असंल," विठाबाई म्हणाली. "म्हणून तर तुमच्या गाडीमागं पळत गेली."