व्हील ग्रेसचं निर्णायक मत

दारात बोलिथोला बघून स्पार्गोने चहाचा कप खाली ठेवला. वीस वर्षं हा माणूस त्याला बघून रस्ता बदलत आला होता.

"मतदारसंघ गेला म्हणे आपला," बोलिथो म्हणाला.

"गेला. शेजारच्यात घातला. खाणी बंद, माणसं पांगली, आमदार ठेवायचा कुणासाठी? आत ये."

बोलिथो बसला. टोपी मात्र हातातच. "आता कुणाचं काही बिघडत नाही. तेवढं एक सांग. मला का पाडलंस?"

हाच प्रश्न व्हील ग्रेस या अख्ख्या खाणगावाने वर्षानुवर्षं चघळला होता. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांताच्या विधानसभेची निवडणूक. एकीकडे खाणकामगार बोलिथो, दुसरीकडे हजारो मेंढ्यांचा मालक हॅरप. मतं पडली समसमान. स्पार्गो निवडणूक अधिकारी. बरोबरी झाली तरच त्याला मत, आणि तेच शेवटचं. बोलिथो तर त्याचा जिवलग, एकाच खाणीत घाम गाळलेला. लोक बोलिथोला खांद्यावर घ्यायला पुढेसुद्धा सरसावले, आणि स्पार्गोने नाव घेतलं हॅरपचं. कुणी म्हणे मेंढ्या मिळाल्या, कुणी म्हणे बायकोने कान भरले. स्पार्गोने तोंडातून ब्र काढला नाही.

"जीव नुसता कात्रीत सापडला होता रे," स्पार्गो म्हणाला. "तुला द्यावं तर लोक म्हणणार, दोस्ताला दिलं. हॅरपला द्यावं तर तू तुटणार. म्हटलं, आपली अक्कल बाजूला ठेवू, शहाण्या माणसाचं ऐकू. पण मतं सगळी गुप्त. एकाचंच काय ते मला ठाऊक होतं."

"कुणाचं?"

"तुझं. त्या दिवशी सकाळी मत देऊन बाहेर आलास आणि ऐटीत मला म्हणालास, 'हॅरपला दिलं. स्वतःलाच मत देणं सभ्य माणसाला शोभत नाही.' एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाचा शब्द मी कसा खाली पडू देऊ? आणि हे गावाला सांगितलं असतं, तर गाव तुलाच हसलं असतं. स्वतःच्या मताने पडला म्हणाले असते. म्हणून गप्प बसलो."

बोलिथो टोपीची कड चाचपत राहिला. स्पार्गोने त्याच्यासाठी कप भरला, केशराच्या केकचा तुकडा पुढे सरकवला. बोलिथोने कशालाच हात लावला नाही.

"स्पार्गो," तो खाली बघत म्हणाला, "मी मलाच दिलं होतं रे."