गार अ‍ॅडॉप्टर

थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची गोष्ट. तपासनीस निवृत्त होऊन सहा महिने झाले होते.

जन्मभर त्यांनी चार्जर तपासले. फोन न लावता नुसता सॉकेटमध्ये ठेवला तर चार्जर किती वीज खातो, ते मोजायचं. जास्त खाल्ली की नापास. घरीही सवय सुटली नव्हती. सकाळी आंघोळीआधी खोल्याखोल्यांतून फेरी. प्रत्येकावर तळहात. गरम म्हणजे कामात, गार म्हणजे रिकामा. रिकामा उपटून टाकायचा.

"आलं मीटर," बायको पलंगावरून म्हणायची.

तिच्या उशाशी साबणाच्या डबीएवढा पंप होता. छातीतल्या नळीतून तो सतत हृदयाचं औषध सोडायचा. वीज गेली तर आतल्या बॅटरीवर काही तासच चालायचा. "एवढा बंद पडू देऊ नका," नर्सबाईंनी बजावलं होतं.

त्या दुपारी तपासनीस पेपर वाचत होते. आतून बारीक टिकटिक आली. घड्याळ असेल, म्हणून त्यांनी पान उलटलं. मग घड्याळ समोरच दिसलं. ते बंद होतं.

पंपावर लाल दिवा. बायकोचे डोळे मिटलेले. त्यांनी वायर धरली आणि हाताने चाचपत गेले: पलंगाखालून, कपाटामागून, सॉकेटपर्यंत. अ‍ॅडॉप्टर जमिनीवर पडला होता.

कालच नर्सबाईंनी जुना, तापणारा बदलून हा दिला होता. नव्या नियमाचा. काम करतानाही गार राहणारा. असले शेकडो त्यांनीच पास केले होते.

पिना दोनदा भोकांना चुकल्या. तिसऱ्यांदा बसल्या. दिवा लालच. ते गुडघ्यांवर बसून बघत राहिले. किती वेळ, कोण जाणे. मग हिरवा झाला.

"अगं, दम लागतोय का?"

"तुम्हालाच लागलाय," बायको म्हणाली. तिचे डोळे उघडे होते.

"सकाळी गार लागला गं हाताला. मला वाटलं..."

"मग करा की नापास." मग हळूच म्हणाली, "थोरलीला बोलू नका. ती तुम्हाला या खोलीत पाऊल ठेवू देणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून फेरी बंद झाली. तपासनीस कपाटाशी स्टूल घेऊन बसायचे, अ‍ॅडॉप्टरवर तळहात ठेवून. हाताला काही कळत नाही हे ठाऊक असूनही.

बायको त्यानंतर एकोणीस दिवसांनी गेली, मंगळवारी, दुपारी तीनला. दिवा हिरवा होता.